न दाखवलेलं रीळ

जेल, ता. ८ जानेवारी १९६७

प्रिय सौ. कोकिळा हिला शेषरावचे आशीर्वाद.

मी खुशाल आहे. आईचे गुडघे, म्हशीचं दूध आणि तुझा राग हे तिन्ही कसे आहेत ते कळव. इथे महिन्याला एकच पत्र आणि एकच कागद मिळतो, म्हणून पाल्हाळ लावत नाही. सांगायच्या गोष्टी दोन आहेत.

पहिली रजेची. शिक्षेचं एक वर्ष पुरं झालं आणि वर्तणूक चांगली असली तर कैद्याला चौदा दिवस घरी जायला मिळतं. सोबत शिपाई नसतो. एकट्यानं जायचं आणि पंधराव्या दिवशी आपल्या पायानं परत यायचं. मी अर्ज केला आहे. त्याला गावचा जामीन लागतो, म्हणजे हा माणूस परत येईल असं लिहून देणारा कोणी. मी वामनकाकांचं नाव दिलं. बाबा गेल्यावर त्यांनीच माझं सगळं पाहिलं, ते नाही म्हणणार नाहीत. पोलीस कडूबालाही विचारतील. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि मी त्याच्या हातावर कुदळीचा दांडा घातला, तो हात अजून सरळ होत नाही असं ऐकतो. त्यानं हरकत घेतली तर त्याला बोल लावू नको.

दुसरी गोष्ट ऐकून तू कपाळाला हात लावशील. आमच्या बराकीत एक नवा माणूस आला आहे. त्यानं खामगावला 'सात ताले' नावाचा सिनेमा पाहिला. नायक जेल फोडून पळतो, असा. पण या गड्याला पोलिसांनी मध्यंतरात, चहा पिताना धरलं. त्यामुळे त्याला अर्धीच गोष्ट माहीत. सातातले चार ताले उघडलेत, तीन बाकी आहेत, आणि आम्ही चाळीस माणसं महिनाभर तिथेच अडकून पडलो आहोत.

संक्रांतीनंतर रज्जाकचा सिनेमाचा तंबू डोणगावला येतो. लग्नाआधी दोन हंगाम मी त्याच तंबूत रिळं गुंडाळली, तो तुला पुढे बसवेल. सिनेमात तुला झोप येते हे मला ठाऊक आहे. परतताना बैलगाडीत मीच तुला गोष्ट सांगायचो आणि तू हूं हूं करत तेव्हाही झोपायचीस. या वेळी माझ्यासाठी जागी राहा. चांगलं काय, वाईट काय, सगळं लिही. नुसतं 'बरा होता' चालणार नाही.

तुझा,
शेषराव


डोणगाव, ता. ३० जानेवारी १९६७

यांना कोकिळेचा नमस्कार. हे पत्र तुमच्या आधी फोडून वाचणाऱ्या साहेबांनाही नमस्कार, नाहीतरी ते नवराबायकोच्या मधे बसलेलेच आहेत. साहेब, खाली जेल फोडण्याचा मजकूर येईल. तो शिणेमा आहे, घाबरू नका.

आत्याबाईंचे गुडघे तसेच आहेत, म्हैस गाभण आहे, आणि राग कसा आहे ते पत्राच्या शेवटी कळेल.

मी जागी राहिले. अख्खं गाव आलं होतं. वामनमामाजी पुढच्या खुर्चीवर, आम्ही बायका खाली सतरंजीवर. गोष्ट अशी की नायक कुलपं घडवणारा कारागीर असतो, त्याच्यावर खुनाचा खोटा आळ येतो. जेलला सात दारं, सात ताले. ते ताले त्याच्या बापानं घडवलेले असतात. मला हे फार आवडलं. प्रत्येक कुलपापाशी त्याला बापाची एकेक खोड आठवते, बाप चावी कशी फिरवायचा, कुठे फुंकर मारायचा, आणि त्या आठवणीनं कुलूप उघडतं. पाचव्याच्या वेळी तंबूत इतकी शांतता की रज्जाकभाईंच्या मशीनची टरटर तेवढी ऐकू येत होती. शेजारच्या चांगुणानं माझं मनगट असं दाबलं की एक बांगडी पिचली. तुमच्या चाळीस माणसांना सांगा, पाचवा उघडला.

सहावा गच्चीवर, भर पावसात. सातवा मात्र उघडत नाही. कारण तो बापानं नव्हे, त्यानं स्वतःच घडवलेला असतो, आणि स्वतःच्या कामात त्याला खोट सापडत नाही. असं ज्याला सुचलं असेल त्याला मी जेवायला वाढीन. मग तो भिंत चढून जातो. त्याच्याऐवजी पहाऱ्याला एक म्हातारा कैदी सापडतो आणि मार खातो.

आता वाईट सांगते. नायकाचे कैद्याचे कपडे सगळा वेळ इस्त्रीचे. एकेका ठोशात तीन तीन शिपाई पडतात. दगड फोडता फोडता कैदी गातात आणि पेटी वाजते, ती पेटी कुठून आली ते कोणी विचारत नाही. जेलचा कुत्रा दोन गोड शब्दांत गप्प होतो. आपला कुत्रा मलाही ओळख दिल्याशिवाय आत घेत नाही. नायकाची बायको तीन वर्षं रडते आणि काजळ फिसकटत नाही. ती बाई दिवसभर खिडकीत उभी. शेण कोण काढतं, दळण कोण करतं? तिच्या घरात चूल कुठे आहे तेही मला दिसलं नाही.

आणि सगळ्यात वाईट शेवट. तो नदी पोहतो, चालत्या आगगाडीतून उडी मारतो, दारात येतो, थाप मारतो. ती दार उघडते आणि तंबूतले दिवे लागतात. झालं. अहो, तीन वर्षांनी माणूस घरी आला, त्याला पाणी तरी विचारा. ती काय बोलली, त्याला काय वाढलं, तो कुठे टेकला, काही नाही. लोक शिट्ट्या मारत उठले. कडूबाभाऊजींनी तर वाकड्या हाताला सांभाळत दुसऱ्या हातानं शिट्टी मारली. मी सतरंजीवर बसून राहिले. माझ्या मते शिणेमा तिथून सुरू व्हायला पाहिजे होता.

आता राग. कडूबाभाऊजींनी पोलिसांना हरकत नाही असं सांगितलं. वामनमामाजींनी मात्र सही केली नाही. आदल्या दिवशी करतो म्हणाले होते. शिणेमाच्या दुसऱ्या दिवशी ओसरीवर आले, कागद हातात धरला आणि म्हणाले, "कोकिळा, मले शेषरावचा भरवसा हाये. पण काल पाह्यलं ना वं म्या. एवढा सज्जन गडी, तोही पयाला. घर दिसलं का माणूस परत फिरत नाही. उद्या हा नाही गेला तं पोलीस मले धरतीन." मी म्हटलं, "मामाजी, तो शिणेमा व्हता." तर म्हणाले, "मंग मी कोठं म्हणतो का नाटक व्हतं." कागद तसाच खिशात घालून गेले.

चौदा दिवस, आणि ते एका शिणेमानं नेले. आणि तो बघायला गावाला मी गोळा केलं होतं, तुमच्या मित्राचा तंबू भरावा म्हणून. आता मी काय करू ते लिहा.

कोकिळा


जेल, ता. १९ फेब्रुवारी १९६७

प्रिय सौ. कोकिळा हिला आशीर्वाद.

तुझं पत्र बराकीत मोठ्यानं वाचलं. पाचवा ताला तीन वेळा वाचायला लावला. मध्यंतरात धरलेला गडी म्हणाला, "वहिनीनं मह्यापेक्षा चांगला पाह्यला."

तू काढलेल्या चुका बरोबर आहेत. त्यात माझ्या काही घालतो. सिनेमावाल्यांना वाटतं की जेल म्हणजे भिंत. जेल म्हणजे गिनती. सकाळी मोजतात, दुपारी मोजतात, संध्याकाळी मोजतात. एक कमी भरला तर पुन्हा पहिल्यापासून. नायक सहा ताले उघडेपर्यंत त्याला एकदाही कोणी मोजलं नाही, हे माझ्या गळी उतरत नाही. इथे एकटेपणा मिळत नाही, आणि रात्रीची ती शांतताही नसते. चाळीस माणसं खोकतात. आणि भिंत चढायचं म्हणशील तर

(इथे तीन ओळींवर काळी शाई फासलेली आहे.)

तर ते तसं होत नाही. म्हाताऱ्या कैद्याला मार बसतो हे मात्र खरं आहे. एक गेला की मागच्यांचे हाल होतात. ज्यानं हे लिहिलं त्याला थोडंफार माहीत असावं.

आता नीट वाच. मला तुझ्या पत्रातली एक गोष्ट खटकते. जेल फोडलेला माणूस सुखानं घरी पोचला आणि खेळ खलास, असा सिनेमा सरकार पास करत नाही. तो शेवटी पकडला जातो, मरतो, नाहीतर आपणहून हजर होतो. मी दोन हंगाम रिळं गुंडाळली आहेत, वेगळं कधी पाहिलं नाही. शिवाय शेवटी पडद्यावर 'समाप्त' अशी अक्षरं येतात. तू लिहितेस की दार उघडलं आणि दिवे लागले. अक्षरं आली होती का? आली नसतील तर एक रीळ राहिलं आहे. रज्जाकला गाठ आणि शेवटचं रीळ कुठे आहे ते विचार.

काकांवर रागावू नको. सही करायची म्हणजे दुसऱ्याचे पाय आपल्या गळ्यात बांधून घ्यायचे. त्यांनी नाही म्हटलं तर मी समजून घेईन, असं लिहिणार होतो. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू. रजेचं कळल्यापासून मी रोज मनात घरचा रस्ता चालतो. मेहकरला एसटी बदलतो, डोणगावच्या स्टँडवर उतरतो, पारापर्यंत येतो, आपल्या गल्लीत वळतो. दार आलं की थांबतो, आणि पुन्हा मेहकरपासून सुरू करतो. दार मी मुद्दाम शिल्लक ठेवलं आहे.

तुझा,
शेषराव


डोणगाव, ता. ८ मार्च १९६७

यांना नमस्कार. साहेबांना आज नमस्कार नाही.

साहेब, तुम्ही शाई फासलीत ती कुठे जाऊन पडली ते ऐका. पत्र मी वामनमामाजींना दाखवायला नेलं, माणूस सरळ आहे हे त्यांना दिसावं म्हणून. त्यांनी बाकी काही वाचलं नाही. काळ्या ओळींवर बोट ठेवून बसले. "भिंत चढायचं म्हणशील तर, इथपर्यंत हाये. मंग काळं. हे काय लिहेल व्हतं वं?" मी म्हटलं मला काय माहीत. म्हणाले, "तुले नाही माहीत, मले नाही माहीत, मंग सही कशाची करू?" मामाजी कागदावर दिसतं त्यापेक्षा दिसत नाही त्याला जास्त भितात.

अक्षरं आली नव्हती. तुमचं पत्र वाचलं आणि डोळे मिटून आठवलं. दार, तिचा चेहरा, आणि एकदम दिवे. अक्षरं नव्हतीच.

तोवर तंबू चिखलीला गेला होता. मामाजी तूर घेऊन चिखलीच्या बाजाराला निघाले, मी म्हटलं मीही येते, बांगड्या भरायच्या आहेत. तूर विकल्यावर त्यांना तंबूकडे वळवलं. रज्जाकभाई मशीनला तेल घालत होते. मी सरळ विचारलं, शेवटचं रीळ कुठे आहे. त्यांचा चेहरा उतरला. पेटी दाखवली. म्हणाले, "हाये भाभी, इथंच हाये. खामगावलेही मी पाह्यलं, ते रीळ लागलं का लोकं रडत घरी जाते, आन दुसऱ्या दिवशी कोनी येत नाही. दारावर थांबवलं तं शिट्ट्या मारत जाते, चार जनाले सांगते. म्हनून मी दारावरच थांबवतो. कोनाचं काय वाकडं होते?" मी सांगितलं कोणाचं वाकडं झालं ते. तुमचं नाव ऐकल्यावर ते पेटीवरच बसले. "शेषरावची रजा म्या खाल्ली?" एवढंच म्हणाले.

दिवेलागणीला, पहिल्या खेळाची तिकिटं सुरू व्हायच्या आधी, त्यांनी आमच्या दोघांसाठी ते एक रीळ लावलं. रिकामा तंबू, मामाजी खुर्चीवर आणि मीही खुर्चीवर. एवढ्या मोठ्या तंबूत आम्ही दोघंच, मला लाज वाटली.

ऐका. ती दार उघडते. तो आत येतो. ती पाणी देते, तो पाय धुतो. तिच्या घरात चूल आहे, मी उगाच नावं ठेवली. ती भाकर थापते, तो समोर बसून नुसता बघतो. दोन घास खातो आणि तिसरा हातातच राहतो. त्याला त्या म्हाताऱ्या कैद्याची आठवण येते. सकाळी ती त्याला भाकर बांधून देते. तो परत जातो आणि जेलच्या फाटकासमोर उभा राहतो. मग अक्षरं येतात.

मामाजींनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग रज्जाकभाईंना विचारलं, "हा आपल्या पायानं गेला?" "हाव काका." "कोनी आनला नाही?" "नाही काका." खिशातून कागद काढला. महिनाभर खिशात ठेवून त्याच्या घड्या मळल्या होत्या. रिळांच्या पेटीवर ठेवून, रज्जाकभाईंच्या पेनानं सही केली. वर म्हणाले, "एवढं आधी दाखवलं असतं तं मले काऊन तरास झाला असता."

आता माझं मत. रीळ चांगलं आहे, फक्त घाईचं आहे. तीन वर्षं वाट पाहिली आणि दोन घासांत उरकलं. तिला एक वाक्य तरी द्यायचं. ती भाकर बांधून देते ते चांगलं करते, पण बांधताना तिच्या मनात काय होतं ते दाखवायला कोणी कॅमेरा आणला नाही.

आणि एक खरं सांगते, सही झाली आहे म्हणून सांगते. येताना बसमध्ये मामाजी आनंदात होते आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. आता मला शिणेमा दारावर थांबलेलाच बरा वाटत होता.

कोकिळा


जेल, ता. २३ एप्रिल १९६७

प्रिय सौ. कोकिळा हिला आशीर्वाद.

रजा मंजूर झाली. ८ मेला सकाळी सुटतो, संध्याकाळच्या गाडीनं डोणगावला येतो. स्टँडवर येऊ नको. घरातच थांब, दार लावून ठेव.

काकांना नमस्कार सांग. रज्जाकला सांग की माझा राग नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही दारावरच थांबवलं असतं. बराकीतल्या लोकांनी शेवटचं रीळ ऐकलं. दोघांना आवडलं नाही, म्हणाले एवढ्या मेहनतीनं पळून पुन्हा आत कशाला.

वांग्याची भाजी आणि रोडगे. बाकी काही करू नको.

तुझा,
शेषराव

(पत्राच्या तळाशी, वेगळ्या अक्षरात:)
काळे केलेल्या तीन ओळींत भिंतीची उंची होती, तीही चित्रपटातली चूक दाखवण्यापुरती. बाकी आक्षेपार्ह काही नव्हते. वामनराव यांना कळवावे. — पत्र तपासनीस


डोणगाव, ता. ४ जून १९६७

यांना नमस्कार. साहेबांना नमस्कार. तळाच्या ओळी मामाजींनी चारदा वाचल्या आणि चष्मा काढून "सरकारी मानूसही शिणेमा पाह्यते वाटते" असं म्हणाले.

तुम्ही जाऊन तेरा दिवस झाले. रोडगे अजून कुणी मागितले नाहीत. तुमची चप्पल जिथे होती तिथेच आहे, आत्याबाई तिला ओलांडून जातात, मी झाडताना तिच्याभोवतीनं झाडते.

चौदा दिवसांबद्दल मी काही लिहिणार नाही. ते माझे आहेत, ते तपासून घ्यायचे नाहीत. फक्त शेवटचा दिवस लिहिते, कारण तो माझ्या मनातून जात नाही आणि तुमची माफी मागायची आहे.

रजेचा कागद मी लपवला होता. आदल्या दिवशीच. ज्वारीच्या कणगीत, हात कोपरापर्यंत घालून. कागदाशिवाय तुम्ही निघणार नाही, एक दिवस चुकेल, एका दिवसानं काय होतं, असं मी मनाला सांगत होते. मामाजींच्या सहीचा विचार आला तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. तुम्ही सकाळी कोनाड्यात हात घातला आणि कागद नव्हता. मला वाटलं ओरडाल, घर उलथंपालथं कराल. तुम्ही उंबऱ्यावर जाऊन बसलात. मामाजी बाहेर गाडीची वेळ सांगत होते. बऱ्याच वेळानं मागे न बघता म्हणालात, "कोकिळा, म्या ठेवला नाही तो म्या काढनार नाही. तुह्या हातानं काढ." मी तुमच्या पाठीकडे बघत राहिले. तुम्ही चिडला असता तर मी काढला नसता. तुम्ही थांबलात म्हणून काढला. ज्वारीचे दाणे झटकून दिला. त्या शिणेमातल्या बाईला मी एक वाक्य द्या म्हणाले होते. माझ्या तोंडूनही एक निघालं नाही.

मग आपण तिघं निघालो. मामाजी सगळा रस्ता एसटीच्या दाराकडच्या बाजूला बसले, तुम्ही उडी मारणार असल्यासारखे. मेहकरला दीड तास गाडी नव्हती तरी तुम्ही शांत होता. जेलच्या गावी उतरल्यावर तुम्ही आमच्या पुढे चालायला लागलात. झपाझप. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं यांना आता तेच घर झालं.

फाटक एवढं मोठं, आणि त्यात ती छोटी दिंडी. तुम्ही कडी वाजवलीत. आतून कुणीतरी विचारलं, "कौन?" आणि तुम्ही म्हणालात, "मी आहो वं, उघड."

बायकोला म्हणायचं ते 'वं' ऐकून तो मिशीवाला शिपाई हसला. मामाजीही हसले. मीही पदर तोंडाला लावला, त्यांना वाटलं हसते आहे.

शेतातून आल्यावर रोज हेच म्हणता तुम्ही. लग्न झाल्यापासून हेच. दीड वर्ष मी संध्याकाळी चुलीपुढे बसून हे ऐकायची वाट पाहिली, आणि ८ तारखेला ऐकलं तेव्हा कडी काढायला मला तीनदा प्रयत्न करावा लागला. ते शब्द माझ्या दाराचे आहेत. ते तुम्ही त्या फाटकाला दिलेत. तुम्ही परत गेलात याचं मला दुःख आहे, पण राग नाही. याचा राग आहे.

अजून आठ महिने आहेत. काय ते लिहा.

कोकिळा


जेल, ता. २ जुलै १९६७

प्रिय सौ. कोकिळा हिला आशीर्वाद.

तुझं पत्र बराकीत वाचलं नाही. लोक विचारत होते, नवा शिणेमा कोणता. मी म्हटलं, या महिन्यात तंबू आला नाही.

मी शांत होतो असं तू लिहिलंस. मेहकरच्या स्टँडवर काका चहाला गेले आणि तू नळावर तांब्या भरत होतीस, तेव्हा जालन्याची गाडी लागली होती. दार उघडं, मधल्या जागा रिकाम्या, कंडक्टर घंटी वाजवायला उभा. त्या गाडीची पाटी मी तीनदा वाचली. ती डोणगावला जाणारी नाही, हे मला ठाऊक होतं. घरी जायचं नाही तर पळून काय करायचं, हेही ठाऊक होतं. तरी वाचली. मग काका दोन कप घेऊन आले आणि एक माझ्या हातात दिला. मग गाडीच्या आणि माझ्या मधे उभे राहिले. त्यांनीही ती पाटी वाचली होती. आम्ही दोघांनी चहा घेतला आणि ती गाडी निघून गेली.

मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर फाटकापर्यंत पोचलो नसतो. झपाझप चाललो तेही त्याचसाठी. तू कागद लपवलास हे मला रात्रीच कळलं होतं. तुझ्या कोपराला ज्वारीचा कोंडा लागला होता. तू काढला नसतास तर मी बसून राहिलो असतो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, आणि साहेबांच्या देखत सांगणारही नाही.

फाटकापाशी तोंडातून काय निघालं ते मला तू लिहिल्यावर कळलं. शिपाई का हसला याचा मी महिनाभर विचार करत होतो. दार दिसलं, कडी वाजवली, आणि जे येतं ते आलं.

परत आल्यावर मला जेलच्या शेतात काम दिलं आहे, आपणहून परत आलेल्यांना देतात. सकाळी बाहेर जातो, संध्याकाळी आत येतो. रोज संध्याकाळी त्याच दिंडीची कडी मीच वाजवतो, आणि तोच मिशीवाला आतून "कौन?" म्हणून विचारतो. पहिले काही दिवस काय म्हणत होतो ते आठवत नाही.

तुझं पत्र आल्यापासून मी म्हणतो, "तीनशे बारा." तो म्हणतो, नंबर कशाला, ते पहिल्या दिवशीचं गमतीचं म्हण की. मी पुन्हा तीनशे बाराच म्हणतो. तुझं सोडून दुसऱ्या कुठल्याही दाराशी ते शब्द बोलायचे नाहीत, असं ठरवलं आहे.

दार लावून ठेवत जा.

तुझा,
शेषराव